माळवदाच्या घरात वाय-फाय कुठवर पोचतं?

लातूर-धाराशिवकडच्या जुन्या माळवदी घरात राउटर ढाळजेत लावला की माजघरात रेंज मिळेलच असं नाही. लोक कंपनीला शिव्या घालतात. आड येते ती दोन-तीन फूट जाडीची दगडमातीची भिंत. राउटर कुठे ठेवावा, हे वायर ओढण्याआधी संगणकावर पाहता येतं.

एक पद्धत किरणांची. राउटरपासून हजारो किरण सोडायचे आणि कोणता भिंतीवर आपटून परततो, कोणता आरपार जातो, कोणता दाराच्या कडेवरून वळतो याचा हिशेब ठेवायचा. कॅरममध्ये रिबाउंड धरून सोंगटी घेतात तसा. मात्र नुसत्या ताकदीच्या बेरजेवर भागत नाही. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. दोन वाटांच्या लांबीत सव्वासहा सेंटिमीटरांचा फरक पडला, तर एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोघी एकमेकींना मारतात. मोबाइल चार बोटं सरकवला की रेंज येते-जाते, ती यामुळेच.

दुसरी पद्धत केन यी यांनी 1966 साली मांडली: खोलीचे बारीक ठोकळे पाडून प्रत्येकात मॅक्सवेलची समीकरणं, म्हणजे अशा लहरींचे मूळ नियम, क्षणाक्षणाला सोडवायची. ठोकळा लहरीच्या दहाव्या भागाएवढा धरला, तर चार मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर उंच अशा एकाच खोलीचे सुमारे अडीच कोटी ठोकळे होतात. अख्ख्या वाड्याचं बोलायलाच नको. म्हणून घरासाठी बहुधा किरणांवरच भागवतात.

पण गणित कोणतंही घ्या, त्याला भिंत कशाची ते सांगावं लागतं, आणि खरी गोची तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या तक्त्यात काँक्रीट, वीट, लाकूड, काच आहे. आपली दगडमातीची भिंत नाही. त्यातल्या त्यात जवळची नोंद जमिनीची. लहर पदार्थात किती मंदावते आणि किती माघारी फिरते हे ज्यावरून ठरतं, तो परावैद्युतांक 1 गिगाहर्ट्झला अगदी कोरड्या जमिनीसाठी 3, ओल्या जमिनीसाठी 30 दिला आहे. भिंत म्हणजे चिखल नव्हे, हे खरं. पण मे महिन्यात ठणठणीत असलेल्या भिंतीला श्रावणात ओल चढते, आणि पाणी लहरीची ऊर्जा पिऊन टाकतं. एकाच घराचे दोन ऋतूंत दोन नकाशे निघू शकतात.

त्यामुळे तक्त्यावर विसंबण्यापेक्षा भिंतीच्या अलीकडे-पलीकडे मोबाइलवर सिग्नल मोजून तो आकडा प्रोग्रामला द्यावा. एकट्या भिंतीपायी 20 डेसिबेल गेले, तर शंभरातला एकच हिस्सा पलीकडे पोचला. आणि नकाशात ज्वारीची पत्र्याची कोठी काढायला विसरू नये. धातू लहरीला जवळपास पूर्णच परतवतो. कोठीमागे राउटर ठेवला तर भिंतीची पाळीच येणार नाही.