पाटीवरचा फोर्ट आणि पाटीवरची बॅटरी, फरक काय?

वॉशिंग्टनच्या आसपास आर्लिंग्टन, अलेक्झांड्रिया साइडला राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे बघितलं असेलच, रस्त्याच्या कडेला खांबावर पाटी, पाटीवर 'फोर्ट अमुक', आणि मान वळवून बघावं तर घरं, पार्किंग, नशीब असेल तर गवताचा एक उंचवटा. आपल्याला फोर्ट म्हटलं की सिंहगड आठवतो, त्यामुळे फसवल्यासारखंच वाटतं. त्यात कुठे 'बॅटरी' लिहिलेलं असलं की अजून गोंधळ, कारण आपली बॅटरी रात्री शेतात न्यायची!

दोन्ही बांधकामं अमेरिकन यादवी युद्धातली, राजधानी वाचवायला केलेली. २४ मे १८६१ ला उत्तरेचं, म्हणजे सरकारी, सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियात घुसलं आणि लगेच खणायला लागलं, मग जुलैत बुल रनच्या लढाईत मार खाल्ल्यावर तर जॉन बर्नार्ड नावाच्या इंजिनिअरने शहराभोवती कडंच केलं. युद्ध संपेपर्यंत ६८ बंदिस्त ठाणी, ९३ उघड्या बॅटऱ्या आणि त्यांना जोडणारे सुमारे २० मैलांचे खंदक झाले होते.

आता फरक. फोर्ट म्हणजे चारी बाजूंनी बंद. दगड नाही हां, सगळं मातीचं, कारण तोफगोळा दगडावर आदळला की कपच्या उडतात आणि मातीत नुसता रुतून बसतो. बाहेर खंदक, त्यातलीच माती टाकून तट, आतून लाकडी ओंडक्यांचा आधार, मध्ये दारूकोठार, तोफा कायम बसवलेल्या आणि शिबंदी राहायला. बॅटरी म्हणजे आपल्याकडे 'मोर्चे लावले' म्हणतात ना, तसला मोर्चा, पुढे मातीची भिंत आणि पाठ उघडी. बहुतेक बॅटऱ्यांत एरवी तोफच नसायची, शत्रू आला की घोड्यांनी ओढून आणायची. आणि पाठ उघडी ठेवणं आळशीपणा नव्हता, शत्रूने बॅटरी घेतलीच तर त्याला आडोसा मिळू नये, मागच्या फोर्टवरून सरळ झोडपता यावं, म्हणून ती तशी. मला तर ही आयडिया सगळ्यात आवडली.

म्हणजे आकारावर जाऊ नका. अलेक्झांड्रियाच्या फोर्ट वॉर्डचा घेर ८१८ यार्ड आणि ३६ तोफांची जागा, तिकडे आर्लिंग्टनचा फोर्ट बेनेट फक्त १४६ यार्ड, ५ तोफा, तरी तोही फोर्टच. बघायचं असेल तर फोर्ट वॉर्डलाच जा, तिथला वायव्येचा बुरुज परत उभारलाय, बंदिस्त म्हणजे काय ते डोळ्यांनी कळतं. फोर्ट स्टीव्हन्सला जुलै १८६४ मध्ये लढाई बघायला स्वतः लिंकन तटावर चढला होता, पण आज तिथे दिसणारे ओंडके हात लावून बघा, काँक्रीटचे आहेत, १९३० च्या दशकात बनवलेले.

एक भानगड मात्र राहतेच, सैन्यात तोफखान्याच्या तुकडीलाही बॅटरीच म्हणतात, त्यामुळे पाटीवर अमुक बॅटरी 'इथे होती' असं असेल तर ती जागा की माणसं हे पुढचं वाक्य वाचूनच ठरवायचं. आणि काही बॅटऱ्यांत तोफा कायमच्या होत्या, उदाहरणार्थ पोटोमॅकवरच्या चेन ब्रिज नावाच्या पुलावर नजर ठेवणारी बॅटरी केम्बल, तिथे १०० पौंडी पॅरट जातीच्या तोफा दोन. आता तिथे पार्क आहे, बर्फ पडला की पोरं त्याच उतारावरून घसरत खाली येतात.