छातीत दुखतं का, हे दोनदा का विचारतात?

जिममध्ये नाव नोंदवायला गेलो तेव्हा पावतीबरोबर एक कागद पुढे आला. सात प्रश्न, प्रत्येकासमोर 'हो' आणि 'नाही'च्या चौकटी. "सगळीकडे नाही करा आणि खाली सही करा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. माझ्या आधीच्या गृहस्थांनी 'नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली होती. मला त्या रेघेची भीती वाटली.

ही प्रश्नावली मूळची कॅनडातली. 1970 च्या दशकात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ती तयार झाली आणि 'पार-क्यू' या नावाने जगभर गेली. 15 ते 69 वर्षांच्या माणसाने व्यायाम सुरू करण्याआधी स्वतःच उत्तरं द्यायची. एकही 'हो' आला तर आधी डॉक्टरांना गाठायचं. हृदयविकार, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, हाडं-सांधे, बीपीची गोळी, सगळं त्यात येतं. पण दुसरा आणि तिसरा प्रश्न पाहा. श्रम करताना छातीत दुखतं का? आणि गेल्या महिन्याभरात श्रम करत नसताना दुखलं का? एकच गोष्ट दोनदा विचारल्यासारखी वाटते. तशी ती नाही.

हृदय शरीरभर रक्त ढकलतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः प्रसरणाच्या वेळी. आकुंचन पावताना डावा कप्पा आपल्याच भिंतीतल्या रक्तवाहिन्या आवळून धरतो. मिनिटाला 60 ठोके पडत असतील तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो, त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपासचा वेळ प्रसरणाचा. ठोके 150 झाले की सेकंदाचे उरतात 0.4, आणि कात्री लागते ती मुख्यतः प्रसरणालाच. म्हणजे मागणी वाढते नेमकी तेव्हाच हृदयाची जेवणाची सुट्टी आखडते!

त्यात आणखी एक अडचण. पायाचा स्नायू आरामात असताना रक्तातला साधारण पाव भाग प्राणवायू काढून घेतो, त्यामुळे गरज पडली तर आणखी काढायला जागा असते. हृदयाचा स्नायू बसल्या जागीच 60 ते 80 टक्के काढून घेतो. त्याला जास्त प्राणवायू हवा तर रक्तच जास्त यायला हवं. निरोगी माणसात ते तीन-चार पटींनी वाढतं, कारण पुढच्या बारीक धमनिका सैल होऊन वाट मोकळी करतात.

आता मोठ्या धमनीत चरबीचा थर साचला आहे असं समजा. धमनिका आरामातच सैल होऊन ती तूट भरून काढतात. त्यामुळे धमनीचा व्यास निम्मा झाला तरी बसलेल्या माणसाला काही जाणवत नाही, त्याचा साधा ईसीजीसुद्धा बऱ्याचदा नॉर्मल येतो. पण धमनिकांची राखीव ताकद आधीच खर्च झालेली असते. जिना चढायला लागलं की द्यायला काही उरत नाही आणि छाती भरून येते. थांबलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. दुसरा प्रश्न हेच पकडतो. तिसऱ्याला 'हो' आलं तर गोष्ट जास्त गंभीर: आरामातही रक्त पुरत नसेल.

आमच्या इमारतीतले एक काका दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहायचे. "गॅस आहे," म्हणायचे. चढताना येणारा आणि थांबल्यावर जाणारा 'गॅस' ही पोटाची तक्रार समजू नका. दुखणं छातीतच हवं असंही नाही. जबडा, डावा हात, नुसती धाप, विशेषतः मधुमेह असलेल्यांत. आणि लसूण-आलं-लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतात हा व्हॉट्सॲपवरचा निरोप कृपा करून पुढे पाठवू नका. त्या भरवशावर लोक तपासणी लांबवतात.

प्रश्नावलीला मर्यादाही आहेत. कधी कधी लहानसा, काहीच त्रास न देणारा थर अचानक फाटतो, त्यावर गुठळी होते आणि धमनी बंद पडते. हे कुठल्याच प्रश्नात सापडत नाही. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की एरवी बैठं जगणाऱ्यांनी अचानक जोराचे श्रम केले तर त्या तासाभरात हार्ट अटॅकचा धोका शंभरपटीहून जास्त वाढतो. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत जेमतेम अडीच पट. तो तास एरवी फार कमी धोक्याचा असतो, त्यामुळे शंभरपटीने घाबरून व्यायामच सोडायचं कारण नाही. पण सातही उत्तरं खरोखर 'नाही' असली, तरी पहिले काही आठवडे शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चाला, आणि वजनं त्यानंतर उचला.