ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे

पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकूंचं स्तनाचं ऑपरेशन झालं आणि काही दिवसांनी काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. मुलाने जिन्यातच पाकीट फोडलं. ‘ग्रेड ३’ वाचलं आणि पायरीवर मटकन बसला. “ताई, आईचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेलाय.”

गेला नव्हता. त्याच कागदावर खाली लिहिलं होतं : गाठ १.८ सेंटिमीटर, नोड्स ०/१४. म्हणजे काखेतल्या चौदा लसीका ग्रंथी तपासल्या, एकीतही कॅन्सर सापडला नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, ग्रंथी स्वच्छ, आणि आजार शरीरात इतरत्र नसेल, तर ही स्टेज पहिली.

निफाडचा बागायतदार द्राक्षांवर डाऊनी हा बुरशीचा रोग दिसला की दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतो. रोग किती ओळींत पोचलाय आणि किती झपाट्याने वाढतोय. स्टेज पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, ग्रेड दुसऱ्याचं. (कॅन्सर मात्र डाऊनीसारखा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आजही कुठे कुठे रुग्णाचं ताट-वाटी वेगळं काढतात, म्हणून मुद्दाम सांगते.)

स्तनाच्या कॅन्सरची ग्रेड सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. पेशी अजून नळ्यांसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत, किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत आहेत, या तिन्हींना १ ते ३ गुण देतात. बेरीज ८ किंवा ९ आली की ग्रेड ३. इथे जास्त गुण वाईट. म्हणूनच गाठ लहान असली तरी अशा वेळी डॉक्टर केमोचा विचार करतात. ग्रेडला घाबरून चालत नाही, तसं तिच्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही.

रिपोर्टातल्या ‘इन्व्हेजिव’ शब्दानेही मुलाला धडकी भरली होती. सगळ्या अंगात पसरला असा त्याचा अर्थ नाही. कॅन्सरच्या पेशी दूधनलिकेची भिंत ओलांडून स्तनातल्याच आजूबाजूच्या भागात शिरल्या, एवढंच तो शब्द सांगतो.

काकू मात्र ‘ईआर पॉझिटिव्ह’वर अडल्या होत्या. करोनापासून पॉझिटिव्ह म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. पण इथे ती दिलाशाची बाब आहे. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच्या त्या पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनच्या आधाराने वाढतात आणि तो आधार तोडणाऱ्या गोळ्या आपल्याकडे आहेत. त्या किमान पाच वर्षं घ्याव्या लागतात.

“बीपीची गोळी पंधरा वर्षं घेतेच आहे की,” काकू म्हणाल्या.