सिक्रेट आवृत्ती-सूची

सिक्रेट आवृत्ती-सूची : क्लाउड सेवेत साठवलेल्या एखाद्या गुपिताच्या (पासवर्ड, एपीआय की इ.) आजवरच्या आवृत्त्या एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रॅमने सेवेशी बोलण्याच्या ठरीव मार्गाने, मागवणे. सूचीत आवृत्तीचा क्रमांक, निर्मितीची वेळ व स्थिती कळते. खुद्द गुपित कळत नाही. ते वाचण्याची परवानगी निराळी असते. गूगलच्या ‘सिक्रेट मॅनेजर’मध्ये ‘सिक्रेट ॲक्सेसर’ ही भूमिका (परवानग्यांचा संच) असणाऱ्याला मजकूर मिळतो पण सूची मिळत नाही. ‘व्ह्यूअर’चे नेमके उलटे.

एका गुपिताखाली अनेक आवृत्त्या ठेवण्याची कल्पना कोठून आली, याची दोन उत्तरे संभवतात. मार्क रॉचकाइंड यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘एससीसीएस’ या प्रणालीकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती जपण्याच्या परंपरेकडे, बोट दाखवता येते. मात्र तेथे जुने जपतात ते पुन्हा पाहण्यासाठी; येथे जुने शेवटी नष्टच करायचे असते. ठरावीक काळाने किल्ली बदलायची आणि बदलताना जुनी-नवी दोन्ही काही काळ चालू ठेवायची, ही सांकेतिक लेखनातील रीत अधिक जवळची वाटते. हॅशिकॉर्प कंपनीचे ‘व्हॉल्ट’ हे गुपिते साठवणारे सॉफ्टवेअर २०१५ चे. पण त्याच्या की-व्हॅल्यू (नाव व त्याचे मूल्य अशा जोड्यांच्या) साठ्याला आवृत्त्या आल्या त्या २०१८ मध्ये. ॲमेझॉनची ‘सिक्रेट्स मॅनेजर’ सेवा त्याच वर्षीची, गूगलची २०२० ची. तेव्हा आजचे रूप साधारणपणे २०१८ नंतरचे धरावे.

गूगलकडे आवृत्त्यांना १, २, ३ असे चढते क्रमांक मिळतात आणि सूचीत सर्वांत नवी वर येते. स्थिती तीन : सक्रिय, निष्क्रिय, नष्ट. नष्ट आवृत्तीचा मजकूर जातो, ओळ मात्र सूचीत राहते. ‘लेटेस्ट’ या उपनामाने बरेच जण फसतात. त्याचा अर्थ शेवटी तयार झालेली आवृत्ती, शेवटची चालू आवृत्ती नव्हे. सोलापुरी चादरी-टॉवेल विकणारे एखादे ऑनलाइन दुकान घ्या. गड्डा यात्रेच्या तोंडावर कोणी पेमेंटची की बदलायला गेले, चौथ्या आवृत्तीत चुकीची की पडली, म्हणून ती लगेच निष्क्रिय केली. तिसरी आवृत्ती धडधाकट असूनही ‘लेटेस्ट’ मागणाऱ्या दुकानाला त्रुटीच मिळते आणि गिऱ्हाइकाचे पैसे अडतात. सूची मागवताच ‘४ – निष्क्रिय, ३ – सक्रिय’ या दोन ओळींत उलगडा होतो. दुकानाने थेट ३ हा क्रमांक मागितला असता तर ही वेळ आली नसती.

ॲमेझॉनकडे क्रमांकांऐवजी ‘करंट’, ‘प्रीव्हियस’, ‘पेंडिंग’ अशी लेबले असतात. लेबल गळलेल्या आवृत्त्या वेगळे सांगितल्याखेरीज सूचीत येत नाहीत, त्यामुळे सूची छोटी दिसली म्हणजे जुने पुसले गेले असे समजू नये. मायक्रोसॉफ्टच्या ‘की व्हॉल्ट’मध्ये एका पानात जास्तीत जास्त २५ आवृत्त्या येतात, पुढच्या पानाचा दुवा उत्तरासोबतच मिळतो.