वायांग कुलित आणि जावातील मंदिरशिल्पे

वायांग कुलित : इंडोनेशियातील जावा बेटावर रात्रभर चालणारा चामडी छायाबाहुल्यांचा खेळ. कथा रामायणाच्या, पण त्याहून अधिक महाभारताच्या. इ. स. ९०७ च्या एका कोरीव लेखात भीमाच्या कथेवरील वायांगाचा उल्लेख आहे. अकराव्या शतकातील म्पु कण्व या कवीने तर ‘अर्जुनविवाह’ काव्यात लिहून ठेवले आहे, की समोर कोरलेले चामडे आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक रडतात.

बाहुली म्हशीच्या कच्च्या कातड्याची असते. कमावलेले चामडे लुळे पडते आणि बारीक कोरीवकाम धरत नाही. कातडे चौकटीत ताणून उन्हात वाळवतात, केस व चरबी खरवडतात आणि ठोकणीने छिन्नी मारत जाळी पाडतात. चेहरा शेवटी कोरतात. मधला दांडा म्हशीच्या शिंगाचा. शिंग दिव्यावर शेकत बाहुलीच्या बाकाप्रमाणे वळवावे लागते. शेक कमी पडला तर ते तडकते, जास्त झाला तर करपते. हात खांद्याला व कोपराला सुटे असतात, बाकी बाहुली अखंड.

आंध्रातील तोलु बोम्मलाट या चामडी बाहुल्यांच्या छायाखेळात कातड्यातून रंग पडद्यावर उतरतो. जावाची बाहुली अपारदर्शक. सावली काळी आणि उजेड येतो तो फक्त जाळीतून. तरीही ती दोन्ही अंगांनी रंगवून सोनेरी मुलामा देतात, कारण प्रेक्षक सूत्रधाराच्या बाजूनेही बसतात. आज तर बहुतेकांना तीच बाजू आवडते. सावल्या पाहायच्या असतील तर पडद्याच्या पलीकडे, सूत्रधाराच्या विरुद्ध बाजूला जागा आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

सूत्रधार म्हणजे दालांग. पांढऱ्या पडद्याच्या बुडाशी केळीचे ताजे खांब आडवे टाकलेले असतात; बाहुल्यांचे दांडे त्यातच रोवतात. खांब सुकलेला किंवा भोकांनी पोखरलेला असला की बाहुली ऐन दरबारात कलंडते. दालांगच्या उजवीकडे पांडवपक्ष, डावीकडे कौरव व राक्षस ओळीने लावलेले. डाव्या हाताला बाहुल्यांची लाकडी पेटी असते. तिच्यावर मोगरी आपटून तो गामेलान वाद्यवृंदाला इशारे देतो. दोन्ही हात गुंतले की दुसरी छोटी मोगरी पायाच्या बोटांत धरतो. पात्रांचे सगळे आवाज त्याचे एकट्याचे. पूर्वी दिवा खोबरेल तेलाचा असे. ज्योत हलली की उभी बाहुलीही श्वास घेतल्यासारखी दिसायची. विजेच्या दिव्याने उजेड वाढला, ही गंमत गेली.

खेळ साधारण नऊला सुरू होऊन पहाटे संपतो. त्याचे तीन भाग असतात आणि प्रत्येकात गामेलानची स्वररचना बदलते. पहिल्या भागात दरबार आणि लांबलचक संभाषणे. नवखा पाहुणा इथेच कंटाळून उठतो आणि मध्यरात्रीनंतरची मजा हुकते. तेव्हा सेमार, गारेंग, पेत्रुक, बागोंग हे सेवक येतात आणि राजकारणापासून गावच्या भानगडींपर्यंत कोणालाही सोडत नाहीत. व्यासांच्या महाभारतात हे चौघे नाहीत. मराठी प्रेक्षक आणखी दोन ठिकाणी अडखळतो: इथे द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी आहे आणि शिखंडी ही अर्जुनाची धनुर्धर बायको, स्रीकांदी. पर्यटकांसाठी दोनेक तासांचे खेळही होतात, पण काटछाटीत या सेवकांचा प्रवेशच आखडतो.

जावातील मंदिरांशी वायांगचे नाते मात्र सरसकट जुळत नाही. मध्य जावातील दिएंग पठारावरील मंदिरांना अर्जुन, सेमार, घटोत्कच अशी वायांगमधील नावे आहेत, पण ती मागाहून पडलेली. योग्यकर्ताजवळच्या प्रंबानन येथे, नवव्या शतकातील ४७ मीटर उंच शिवमंदिराच्या कठड्याला आतून रामायण कोरले आहे. पूर्वेच्या पायऱ्या चढून डावीकडे वळावे आणि प्रदक्षिणा घालत वाचावे. उरलेली कथा शेजारच्या ब्रह्मामंदिरावर आहे. पण या मूर्ती गोलसर, भरीव, भारतीय वळणाच्या आहेत. त्यांत बाहुली शोधणाऱ्याची निराशा होते. ती सापडते पूर्व जावात, ब्लितारजवळच्या पनातरानला. मजपाहित या जावाच्या साम्राज्याच्या काळातील, चौदाव्या शतकातील या मंदिरावर चपट्या आकृती, समोरून दिसणारे खांदे, बाजूने दाखवलेले पाय आणि मोठाले शिरोभूषण असा थेट वायांगचा थाट आहे. खालच्या थरावरील रामायण हनुमानाच्या लंकाप्रवेशापासून सुरू होते आणि ते उलट्या प्रदक्षिणेने वाचायचे असते. प्रंबाननच्या सवयीने मंदिर उजव्या हाताला ठेवून चालल्यास कथा शेवटाकडून सुरुवातीकडे जाते.