मागच्याचीच चूक?

पुणे-बंगळूर हायवेवर शिरवळपासून कराडपर्यंत कुठेही मागून धडक झाली, की पंचनाम्याच्या आधीच निकाल लागतो. कडेला जमलेल्यांतला एकजण म्हणतो, "मागच्याचीच चूक. अंतर नको का ठेवायला?" बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पण हे वाक्य कायद्यात असे कुठेही लिहिलेले नाही, आणि कोर्टाने तरी ते नेहमी मानले आहे असेही नाही. ही समजूत आली कुठून, ते पाहताना आधी रस्ता पाहावा लागतो.

हा रस्ता दुपदरी होता तेव्हाची भीती वेगळी होती, समोरासमोरच्या धडकेची. एसटीला किंवा ट्रकला मागे टाकायचे तर समोरचा रस्ता मोकळा मिळायला हवा, आणि तो क्षण साधायचा तर पुढच्याला चिकटून राहावे लागे. रात्री डिपर द्यायचा, दिवे लुकलुकवायचे, म्हणजे "साइड दे". ट्रकचा क्लीनर खिडकीतून हात हलवून "ये, मोकळं आहे" म्हणायचा. पुढच्याचा मागच्यावर आणि मागच्याचा पुढच्यावर विश्वास होता, आणि डिपर ही विनंती होती.

गेल्या २० ते २५ वर्षांत रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला. देहूरोड ते सातारा या सुमारे १४० किलोमीटरच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि मुदत उलटून वर्षानुवर्षे चालले. समोरून येणारी गाडी गेली, चिकटून चालवायची सवय मात्र राहिली. क्लीनरचा हातही गेला. उरला डिपर, आणि त्याचा अर्थ बदलून "बाजूला हो, नाहीतर बघ" असा झाला. माझ्या मते इथल्या हायवेवरच्या रागाचे मूळ या बदलात आहे. पुण्याचे एमएच १२ वाले माजलेत की साताऱ्याचे एमएच ११ वाले अडून बसतात, हा वाद त्यानंतरचा.

आता कायदा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी रस्त्यावर गाडी चालवण्याचे नियम आले. त्यातला २३ वा नियम असा, की पुढचे वाहन अचानक हळू झाले किंवा थांबले तरी धडक टळेल इतके पुरेसे अंतर मागच्याने ठेवावे. लोकांच्या तोंडचे वाक्य इथून आले. पण लगेच पुढचा, २४ वा नियम पुढच्यासाठी आहे. सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय एकदम ब्रेक दाबू नये. दोन्ही नियम शेजारी शेजारी असूनही आपण एकच पाठ केला. २०१७ मध्ये या नियमांच्या जागी नवे नियम आले, त्यांतही दोघांची जबाबदारी कायम आहे.

"पुरेसे" म्हणजे किती मीटर, हे १९८९ च्या नियमात नव्हते. परदेशात शिकवतात ती दोन सेकंदांची खूणगाठ धरली, तर ताशी ८० च्या वेगाला ४४ मीटर होतात. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे एवढी जागा सोडली, तर त्यात तीन गाड्या घुसतात. अंतर ठेवणाऱ्याचे अंतर दुसराच खातो, ही तक्रार खरी आहे.

मागच्यावर बोट ठेवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, २०१८ चा. पुढे ट्रक, मागे मोटार, ट्रकचा ब्रेक आणि मागून धडक. दोन्ही वाहनांत १० ते १५ फूटच अंतर होते, हे सुरक्षित अंतर नव्हे, त्याचा दोष मोटारचालकाचा, असे न्यायालयाने २३ व्या नियमाचा आधार घेऊन म्हटले. १५ फूट म्हणजे साडेचार मीटर. ताशी ८० ने जाणारी गाडी ते सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपवते, ब्रेककडे पाय जायला याहून जास्त वेळ लागतो. निकालाचे हे गणित चोख आहे. पण त्यानंतर विमा कंपन्यांच्या वकिलांकडून तो असा वाचला जाऊ लागला, जणू मागून धडकला की विषय संपला. तसा अर्थ त्या निकालातून निघत नाही.

जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. कोइम्बतूरजवळ २०१७ मध्ये मोटारवाल्याने हायवेवर अचानक ब्रेक मारला. मागचा दुचाकीस्वार, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मोटारीवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्यावरून गेली. त्याचा डावा पाय गेला. गरोदर पत्नीला उलटीसारखे वाटले म्हणून थांबलो, असे मोटारवाल्याचे म्हणणे होते. अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने मोटारवाल्याला पूर्ण सोडले आणि बसकडे ८० टक्के, मुलाकडे २० टक्के दोष दिला. उच्च न्यायालयाने मोटार ४०, बस ३०, मुलगा ३० असे केले. सर्वोच्च न्यायालयाने मोटार ५०, बस ३०, मुलगा २० असे ठरवले. मागे कोणी येते आहे का हे न पाहता, इशारा न देता हायवेवर एकदम थांबणे हीच हयगय, असा त्याचा अर्थ. एकाच अपघातात पुढच्याचा दोष शून्यावरून निम्म्यावर गेला.

इथे दोन शब्दांचा गुंता आहे आणि तो घराघराला महागात पडतो. एक अंशदायी निष्काळजीपणा, दुसरा संयुक्त निष्काळजीपणा. समजा कराडकडून येणारी मोटार उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला दिवा नव्हता, मोटारीचा वेग जास्त होता. जखमी मोटारचालकाचा स्वतःचा दोष आहे, म्हणून तेवढा वाटा त्याच्या भरपाईतून कापला जातो. हा अंशदायी. मागच्या सीटवर बसलेल्या त्याच्या आईचा काहीच दोष नाही. तिच्या दृष्टीने दोन चालकांनी मिळून इजा केली. हा संयुक्त. २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ती दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकते, त्यांनी आपापसात काय ते पाहून घ्यावे. एकच गाडी, एकच धडक, आणि मायलेकांची मोजपट्टी वेगळी. "गाडी आपलीच चुकली, आता दावा कसला" म्हणून अशा आया घरी बसतात. हे थांबायला हवे.

ट्रॉलीचे उदाहरण हवेतून घेतलेले नाही. गेल्या हंगामात रात्री कराडहून येताना उंब्रजच्या पुढे माझ्या दिव्यांच्या उजेडात आधी नुसते वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, हलताना दिसले. मग कळले, डबल ट्रॉली आहे. ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर, मागच्या लाल दिव्यावर लोंबलेला, रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने झाकलेली, आणि एका कांड्याला लाल फडके बांधलेले. मी ८० वर, ट्रॅक्टर २० च्या आसपास. म्हणजे आमच्यातले अंतर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने कमी होत होते. मी ब्रेक दाबला आणि वाचलो. माझ्या मागे चिकटलेला मोटारवाला कसाबसा वाचला, मग पुढे येऊन गाडी आडवी लावून उतरला. "ब्रेक कशाला मारला?" म्हणत त्याने दारावर मूठ आपटली. ट्रॅक्टर तोवर निघून गेला होता. त्या मिनिटभरात मी मागचाही होतो आणि पुढचाही.

त्या आडव्या लावलेल्या गाडीला आपल्या कायद्यात वेगळे नाव नाही. "रोड रेज" हा शब्दच अमेरिकेतून, १९८० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या बातम्यांतून आला. आपल्याकडे अशा प्रकरणात शिवीगाळ, दमदाटी, मारहाण अशी साधी कलमे लागतात. पतियाळात १९८८ मध्ये रस्त्यावरच्या भांडणात एक वृद्ध गेले. त्यात एका माजी क्रिकेटपटूला २०१८ मध्ये हजार रुपये दंड आणि २०२२ मध्ये फेरविचारानंतर एक वर्षाची सक्तमजुरी झाली, तीही मारहाणीच्याच कलमाखाली.

रस्त्याचा स्वतःचा दोष या सगळ्यात उशिरा आला. खंबाटकीत २०१८ मध्ये पुण्याहून येणारा घाट चढायचा आणि साताऱ्याहून जाणारा बोगद्यातून उतरायचा. बोगद्यानंतरच्या उतारावरचे एस वळण सगळ्यांना ठाऊक आहे. १० एप्रिल २०१८ ला तिथे टेम्पो उलटून कर्नाटकातले १८ मजूर गेले. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्याची रचना किंवा देखभाल सदोष असेल, तर संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली. १८ जीवांपुढे ही रक्कम फार तोकडी आहे. चालकांचे वाढीव दंड महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये आले.

१ जुलै २०२४ पासून बेदरकारपणे गाडी चालवण्याचे भारतीय दंड संहितेतले कलम २७९ जाऊन भारतीय न्याय संहितेतले २८१ आले. फिर्यादीतले वाक्य जुनेच आहे, "भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने". त्याहून मोठा बदल १ एप्रिल २०२२ चा. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, आणि भरपाईचा दावा सहा महिन्यांत करायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश त्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. उसाच्या पट्ट्यात ती कशी भिडते, ते साधे आहे. अपघात डिसेंबरात झाला तर मुदत जूनमध्ये संपते. त्या रात्री ट्रॉलीला दिवा होता की नाही हे सांगू शकणारा माणूस म्हणजे उसावर बसून चाललेला तोडकरी, आणि तो पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की बीडकडे आपल्या गावी परतलेला असतो.