सव्वा इंची हिच की दोन इंची?

अमेरिकेत छोटी एसयूव्ही घेतली की पहिल्याच उन्हाळ्यात घरात हिचचा, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर किंवा रॅक जोडायच्या लोखंडी सांध्याचा, विषय निघतो. मुलांच्या सायकली न्यायच्या असतात, नाहीतर घर बदलताना भाड्याचा छोटा ट्रेलर जोडायचा असतो. मग हिचचा बंपरखालचा तो चौकोनी खोबणीचा भाग, म्हणजे रिसिव्हर, सव्वा इंची घ्यावा की दोन इंची, यावर खल होतो. दोन इंची घेतला की गाडी जास्त वजन ओढेल, असं अनेकांना मनापासून वाटतं. तसं होत नाही, आणि हा गैरसमज रस्त्यावर महागात पडू शकतो.

पेट्रोलवरच्या होंडा सीआर-व्हीची तिथली ओढण्याची मर्यादा 1,500 पौंड, म्हणजे साधारण 680 किलो. हिचचे ताकदीनुसार क्लास असतात; सव्वा इंची क्लास 1 हिच सहसा 2,000 पौंडांची असते. म्हणजे सगळ्यांत लहान हिचसुद्धा गाडीपेक्षा दणकट! त्याच गाडीला दोन इंची क्लास 3 हिच लावली, तरी मर्यादा 1,500 वरून पौंडभरही सरकत नाही. गाडी, हिच, ट्रेलर अडकवायचा बॉल आणि तो धरणारा बॉल माउंट यांतला जो आकडा सर्वांत लहान, तोच धरायचा. 2022 ची साधी सुबारू फॉरेस्टर 1,500 पौंड ओढते आणि त्याच वर्षीची फॉरेस्टरचीच वाइल्डरनेस आवृत्ती 3,000. इंजिन दोघींचं 2.5 लिटरचंच, पण ट्रान्समिशनचं गिअरिंग वेगळं. रिसिव्हरच्या मापाचा इथे काही संबंध नाही.

मग दोन इंची घ्यायचाच कशाला? सायकल रॅकसाठी. चार सायकलींचे रॅक बहुतेक दोन इंचीच येतात. रॅक रिसिव्हरमध्ये अडकवणारी पिन सव्वा इंचीत अर्ध्या इंचाची जाते, दोन इंचीत पाच-अष्टमांश इंचाची. जोड मुळातच जाड. सव्वा इंचीला अडॅप्टर लावून दोन इंची रॅक बसवता येतो, पण मी तो लावणार नाही. अडॅप्टरने रॅक आणखी मागे सरकतो, आणि पहार जितकी लांबून दाबाल तितका तिचा जोर वाढतो, तसंच इथे होतं. शिवाय अडॅप्टरची स्वतःची मर्यादा बरीचदा हिचपेक्षा कमी असते.

रॅक घेताना पाहायचं ते टंग वेट, म्हणजे हिचवर सरळ खाली पडणारा भार. ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर येतो. 1,500 पौंडांचे 10 टक्के म्हणजे 150. आता दोन ई-बाइक घ्या, प्रत्येकी 60 पौंडांच्या, वर रॅकचे 55. झाले 175! ट्रेलर नाही, काही नाही, आणि 150 ची हद्द ओलांडली. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये टंग वेटचा आकडा शोधा. रॅकच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक सायकलीमागे किती वजन चालतं, तेही बघा.

नव्याने बसवत असाल तर दोन इंची घ्या. पुढे रॅक निवडताना अडणार नाही. गाडीबरोबर सव्वा इंची आलाच असेल आणि सायकली दोनच, त्याही साध्या, तर तोच ठेवा, बदलण्यात पैसे घालू नका. फक्त रॅकसाठी हिच हवी असेल तर ट्रेलरच्या दिव्यांचं चार तारांचं वायरिंगही लागत नाही. जुनी गाडी घेताना मात्र वाकून हिचवरचं लेबल वाचा. बर्फावर मीठ टाकतात अशा राज्यातली गाडी असेल, तर बोल्टांभोवतीचा गंजही बोटाने खरवडून बघा.